नाइंटीफाइव्हची लग्नपत्रिका

निर्णय घेणं हा माझ्या हातचा मळ आहे! लोक बनियन घ्यायला तीन दुकानं फिरतात. मी पुण्याची नोकरी सोडून हैदराबादला यायचा निर्णय एका चहात घेतला. पुढे इथलीही नोकरी सोडून बरकतपुऱ्यात, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, मराठी टाइपसेटिंगचं दुकान टाकायचा निर्णय तर चहा यायच्या आतच घेतला. आमची सुलभा यावर म्हणते, "चहा येईपर्यंत थांबला असतात, तर मी काहीतरी बोलले असते!" पण बायकोच्या असल्या बोलण्याकडे मोठी माणसं लक्ष देत नसतात.

तर ही गोष्ट शहाण्णव सालची. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि जो तो काहीतरी नवं घेत सुटला होता. शेजारच्या केशवरावांनी लाकडी दारांचा टीव्ही काढून रिमोटचा आणला आणि रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घातली. समोरच्या रेड्डीगारूंनी स्कूटर विकून मोटार घेतली. ते ती रोज धूत आणि ऑफिसला बसनं जात. माझ्याकडे होता एक कम्प्यूटर, त्यात जुनी सिस्टिम आणि तिच्यावर चालणारा एक मराठी फॉन्ट. एवढ्या भांडवलावर मी हैदराबादेतल्या तमाम मराठी मुंजी, बारशी आणि सत्यनारायण छापत होतो. आणि तेवढ्यात बाजारात नवी सिस्टिम आली. नाइंटीफाइव्ह!

टाकावी की न टाकावी? माझा निर्णय झालेलाच होता. तरी चार लोकांना विचारावं, त्यांना बरं वाटतं.

केशवराव रेल्वेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ घालू नका, किशोरराव. आमच्या खात्यानं वाफेची इंजिनं काढून डिझेलची आणली. काय झालं?"

"काय झालं?"

"मी रिटायर झालो!"

सुलभाचं मत मी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते लगेच मिळालं. "आधी देशमुखांच्या पत्रिका होऊ द्या. मग काय गोंधळ घालायचा तो घाला."

आता हे देशमुख कोण ते सांगायला हवं. विद्यानगरचे मुकुंदराव देशमुख म्हणजे बडं प्रस्थ! मराठवाड्यात शेती, इथे बियाण्यांचं मोठं दुकान, आणि वर आमच्या मराठी मंडळाचे सलग अकरा वर्षं अध्यक्ष. त्यांच्या शिल्पाचं लग्न लातूरच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाचे वडील नामदेवराव हे चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याबद्दल अशी ख्याती होती की स्वतःच्या बायकोचं पत्रसुद्धा ते लाल शाईनं तपासून परत पाठवत. ऑर्डर देताना मुकुंदरावांनी माझा हातच धरला होता.

"पाचशे पत्रिका, किशोरराव! अन् त्यात इंग्लिश नक्को, तेलुगू नक्को. समदी शुद्ध मराठी! व्याही मराठीचे मास्तर हायत. हैदराबादचे देशमुख मराठी विसरले, असं त्यांनी भर मांडवात म्हणलं तर मी तोंड कुठं लपवू? इज्जतीचा सवाल हाय!"

मी म्हटलं, "तुमची इज्जत ती माझी इज्जत!" हे वाक्य बोलताना छान वाटतं, निस्तरताना नाही.

सुलभाचं म्हणणं मी ऐकलंही असतं. पण दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या कम्प्यूटर सेंटरनं भली मोठी पाटी लावली, 'आमच्येकडे ९५ हाय!' माझ्या छातीत कळ आली. मी तडक दुकान गाठलं. तिथला सेल्समन हर्षवर्धन मला पाहून असा हसला की जणू माझी वाटच बघत होता.

"या साब! एक्स्चेंज ऑफर चालू हाय. जुन्या सिस्टिमच्या फ्लॉप्या आणून द्या, नवी घेऊन जा. वर माउसचं पॅड फुकट!"

"माझा मराठी फॉन्ट चालेल ना पण?"

"फिकर नक्को! इंग्लिश चालतंय, तेलुगू चालतंय, मग मराठीनं काय घोडं मारलंय?"

मुद्दा बिनतोड होता. मी जुन्या फ्लॉप्या देऊन टाकल्या आणि निळं पॅड काखोटीला मारून घरी आलो.

नवी सिस्टिम तेरा फ्लॉप्यांची होती. एकामागून एक तेरा घास मी त्या कम्प्यूटरला भरवले. एकेका घासाला तो असा कुरकुरत होता की सुलभानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण कण्हतंय?" पण शेवटी पडद्यावर निळंशार आभाळ आलं, पांढरे ढग आले! मी केशवरावांना हाक मारून दाखवलं. म्हणालो, "बघा, ही बुद्धिमान लोकांची सिस्टिम!" केशवराव ढगांकडे बघत म्हणाले, "पाऊस येईल असं वाटतं," आणि गच्चीवरच्या मिरच्या उचलायला गेले.

मग मी देशमुखांची पत्रिका उघडली.

वरचा गणपती जिथल्या तिथे होता. त्याच्या खाली मात्र हाहाकार! 'श्री' होता तिथे दोन चौकोन. कुलदेवतेच्या जागी उलटी प्रश्नचिन्हं. मधेच एक वेलांटी, जत्रेत हरवल्यासारखी, एकटीच उभी. वधूच्या नावात तीन टिंबं आणि एक बाण. वराच्या नावात काहीच नाही, फक्त चौकोन! सबंध पत्रिकेत शाबूत राहिला होता तो खाली छापलेला देशमुखांचा फोन नंबर. नजरेला चुकीचं दिसत असेल म्हणून मी एक कागद छापूनही पाहिला. कागदावर ते जास्तच स्वच्छ दिसलं!

सुलभानं फॉन्टच्या खोक्यातून एक चिठ्ठी काढली. ती दोन वर्षं तिथेच होती आणि मी ती कधी वाचली नव्हती. "फक्त जुन्या सिस्टिमसाठी," ती वाचू लागली. फॉन्ट जिथून घेतला होता तिथे फोन केला तर कळलं, नव्या सिस्टिमचा फॉन्ट दिवाळीनंतर येणार. लग्न होतं वैशाखात, तीन आठवड्यांवर!

मी धावत हर्षवर्धनकडे गेलो. "माझ्या जुन्या फ्लॉप्या परत दे!"

"त्या तर पुसल्या साब. त्याच्यावर गेम भरून कधीच विकल्या."

"मग दुसऱ्या दे!"

"परसों देतो ना!"

हैदराबादेत परसों म्हणजे परवा, असं कुणी समजू नये. तो दिवस या जन्मातही येऊ शकतो आणि पुढच्याही. मी समजलो आणि खाली मान घालून घरी आलो. मुकुंदरावांना फोन करून सगळं कबूल करायचं ठरवलं. पण घरी येतो तर मुकुंदराव, पद्मावतीबाई, त्यांचा मुलगा बबलू आणि नवरी शिल्पा असे चौघेही पुढच्या खोलीत हजर! पत्रिकेचा नमुना बघायला आले होते. सुलभा सरबत करायला आत गेलेली. आणि मी छापलेला तो चौकोनांचा कागद पद्मावतीबाईंच्या हातात!

मी डोळे मिटले. आता भूकंप होणार!

"अगं माय माय!" पद्मावतीबाई म्हणाल्या. "काय झकास झालीया हो!"

मी डोळे उघडले.

त्यांनी कागद मुकुंदरावांकडे दिला. मुकुंदरावांनी तो हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. "पण दिसायलंय, चांगलं दिसायलंय! बबलू, तू वाच."

बबलू सत्तावीस वर्षांचा, दुकान सांभाळणारा घोडा. त्यानं बराच वेळ कागदावर नजर फिरवली. तेवढ्या वेळात माणसाचा हनुमान चालिसा म्हणून झाला असता. मग म्हणाला, "हौ बाबा, फर्स्टक्लास. समदं आलंय."

"आत्याचं नाव आलं का?"

"आलंय की! हे काय." आणि त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं.

शिल्पा कागदाकडे जरा बारकाईनं बघत होती. माझा जीव टांगणीला. "अंकल, मला हिंदी वाचता येतं," ती हळूच म्हणाली, "पण मराठीत जास्तीची अक्षरं असतात ना? ती असतील ही."

"त्यासाठीच म्हणतो, मराठी पेपर वाचत जा!" मुकुंदराव गरजले. "किशोरराव, हे वळण मी लहानपणी बघितलंय. आमच्या आज्याच्या कागदपत्रात अस्संच मोडी असायचं!"

मी तोंड उघडलं. "मुकुंदराव, खरं म्हणजे यात जरा..."

"काही कमी न्हाई! आणा पेन. पास!"

आणि त्यांनी कागदावर सही केली. उजवीकडून डावीकडे, सुरेख, वळणदार उर्दूत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुकुंदरावांची शाळा निजामाच्या अमदानीतली. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी त्यांच्या तोंडात होती, घरात होती, भांडणात तर होतीच, पण डोळ्यांत कधी गेलीच नव्हती! मंडळाच्या सभेत दर वर्षी अहवाल वाचायच्या वेळी त्यांचा घसा का बसतो, तेही मला कळलं. अकरा वर्षांच्या अध्यक्षाला बायकोमुलांच्या देखत सांगू कसं, की देशमुख, ही मराठी नव्हे, हा कम्प्यूटरचा झटका आहे? सुलभा सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिला पेला स्वतःच पिऊन टाकला.

ते गेल्यावर ती म्हणाली, "नामदेवराव मास्तर एका नजरेत ओळखतील. भर मांडवात शोभा होईल त्या माणसाची. तुमच्यामुळे!"

हे मात्र खरं होतं. मी त्याच पावली नामपल्लीला दत्तोबांच्या छापखान्यात गेलो. दत्तोबा अजून शिशाचे खिळे हातानं जुळवून मराठी छापत. मागच्या दसऱ्याला मीच त्यांना सल्ला दिला होता, की दत्तोबा, हे सगळं मोडीत घाला.

"या, या!" दत्तोबा म्हणाले. "कम्प्यूटरला ताप आला काय?"

अडला हरी! दत्तोबांनी मला तासभर स्टुलावर बसवून ठेवलं, मनसोक्त टोमणे मारले आणि चार दिवसांत पहिल्या पन्नास पत्रिका काढून दिल्या. ठसठशीत, शुद्ध, काना-मात्रा जिथल्या तिथे! त्या घेऊन मी विद्यानगरला अक्षरशः उडत गेलो.

देशमुखांच्या बैठकीत पत्रिका हातोहात फिरली.

"हे ते न्हाई," शेवटी मुकुंदराव म्हणाले.

"तीच आहे हो! फक्त जरा..."

"अंकल, ते चौकोन कुठं गेले?" शिल्पानं विचारलं.

"ती बघितली की कसं भरल्यावानी वाटायचं," पद्मावतीबाई म्हणाल्या. "ही तर दवाखान्याच्या चिठ्ठीवानी दिसायलीय."

"मी सही कशावर केली?" मुकुंदराव म्हणाले. "देशमुख एकदा पास केलं की मागं फिरत न्हाई! तीच छापा."

माझा धीर सुटला. "मुकुंदराव, ही निदान वाचता तरी येते!"

पंखा तेवढा कुरकुरत होता. मुकुंदराव हळूहळू माझ्याकडे वळले. "म्हंजे? ती वाचता येत नव्हती?"

हीच वेळ होती. एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. पण त्यांच्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं. एवढा दांडगा माणूस, बाजारात शब्दाला मान असलेला, आणि डोळ्यांत भीती! गुरुजींनी धडा वाचायला उभं केलेल्या पोराची भीती. शिल्पा वडिलांकडे बघत होती. मला त्या माणसाची फार कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

"येते की!" मी ओरडलो. "न यायला काय झालं? हिच्यापेक्षा जास्तच येते!"

मुकुंदरावांनी मोठा श्वास सोडला. "मग झालं तर! ती छापा. अन् या साध्या पन्नास लातूरला धाडून द्या. मास्तर माणूस हाय, त्यांना साधंच आवडंल."

हे ऐकून मला त्यांना मिठी मारावीशी वाटली! शुद्ध पत्रिका लातूरला, चौकोन हैदराबादला! सुंठीवाचून खोकला गेला! उरलेल्या साडेचारशे मी बिनधास्त छापल्या, गुळगुळीत कागदावर, सोनेरी कडेसह. त्या वाटल्याही गेल्या.

आणि कुणीही, अगदी कुणीही, एक चकार शब्द काढला नाही! रेड्डीगारूंनी पत्रिका डोळ्यांना लावून देवापुढे ठेवली. मराठी घरांतून मात्र देशमुखांकडे फोनवर फोन जाऊ लागले, कारण वाचण्यासारखा तेवढा नंबरच होता. पद्मावतीबाई सुलभाला कौतुकानं सांगत होत्या, "लोकांना किती माया बघा! पत्रिका मिळाली की लगेच फोन. लग्न कधी, कुठं, किती वाजता, समदं परत परत विचारून घेतात!"

एका सकाळी केशवराव आले आणि दार लोटून घेऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "किशोरराव, कुणाला सांगू नका. माझं मराठी गेलं हो! चाळीस वर्षं नोकरी तेलुगू-उर्दूत केली. परवा देशमुखांची पत्रिका आली. गणपती तेवढा ओळखला."

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण केशवरावांना सांगितलेली गोष्ट तासाभरात काचीगुडा स्टेशनपर्यंत जाते, म्हणून मी त्यांना फक्त चहा पाजला. ते म्हणाले, "आता रोज एक पान शुद्धलेखन काढणार आहे," आणि खरंच वही घेऊन आले.

लग्न नामपल्लीच्या एका मोठ्या हॉलमध्ये होतं. सगळेच्या सगळे आले! मुहूर्ताच्या आधी अर्धा तास हॉल खचाखच भरला. मुकुंदराव जरीचा फेटा बांधून दारात उभे, आणि मी खांबाआड. डोळे सारखे नामदेवराव मास्तरांवर. ते उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र धोतरातले, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक लाल!

अक्षता पडल्या, बँड वाजला, मला वाटलं सुटलो. तेवढ्यात मास्तरांना खुर्चीवर कुणाचीतरी विसरलेली पत्रिका दिसली. गुळगुळीत, सोनेरी कडेची. त्यांनी ती उचलली. माझ्या हातातला पेढा गळून पडला.

"व्याही," मास्तर म्हणाले, "आम्हाला आली ती साधी होती. ही काही निराळीच दिसते."

"ही खास हैदराबादेत वाटायची हाय!" मुकुंदराव छाती फुगवून म्हणाले. भोवती पन्नासेक माणसं जमली होती. "बघा, इंग्लिशचं अक्षर न्हाई. तुमच्यासारख्या जाणकाराच्या तोंडून दोन ओळी ऐकू द्या की समद्यांना!"

मास्तरांनी चष्मा लावला. पत्रिका जवळ धरली. लांब धरली. चष्मा काढून उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. पत्रिका उजेडाकडे वळवली. त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्यांनी सभोवती नजर टाकली. हा एवढा जनसमुदाय हीच पत्रिका वाचून, वेळेवर, बरोबर पत्त्यावर आलेला! मुकुंदराव हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते आणि मी कुठल्या दारानं पळावं ते बघत होतो.

"वा!" मास्तर एकदम म्हणाले. "वा, वा! अशी भाषा आता कोण लिहितं? ही मोठ्यानं वाचायची नव्हे, व्याही. ही मनातल्या मनात वाचायची!"

टाळ्या पडल्या! मुकुंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मास्तरांना कडकडून मिठी मारली आणि मला खांबाआडून ओढून काढून सगळ्यांसमोर शाल घातली. मी ती निमूटपणे घेतली.

जेवणाच्या पंगतीत मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. इकडेतिकडे बघून त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "किशोरराव, तुम्ही इथले माहीतगार. एक खाजगी विचारतो. इथे डोळ्यांचा चांगला डॉक्टर कोण?"

तोंडात जिलबी होती, नाहीतर मी तेव्हाच खरं सांगितलं असतं. असं मी सुलभाला सांगतो. प्रत्यक्षात मी जिलबी गिळली आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

दोन महिन्यांनी लातूरहून मास्तरांचं अंतर्देशीय पत्र आलं.

'सप्रेम नमस्कार. आपण सुचवलेल्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. गुण उत्तम आला. वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिरातीसुद्धा आता चष्म्याशिवाय वाचतो. व्याह्यांची ती पत्रिका मात्र अजूनही लागत नाही. डॉक्टर म्हणतात डावा डोळा ठणठणीत आहे, पण मी हट्टच धरला आणि त्याच्याही ऑपरेशनची तारीख घेतली. येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता. आपले उपकार जन्मभर विसरणार नाही.'

पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा मंगळवार होता.